फसलेल्या एकतीस नमुन्यांची वही

एमएस्सी होऊन सव्वा वर्ष झालेलं, हाताला काम नाही, घरी स्थळं येऊ लागलेली. २०२४ च्या दिवाळीआधी माझी एक जुनी विद्यार्थिनी माझ्याकडे आली ती अशा अवस्थेत. मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात एमएस्सीला फिजिक्स शिकवते. तिचा प्रकल्प माझ्याच हाताखाली झाला होता. तिला विचारून, तिचं आणि कुठल्याही संस्थेचं नाव न घेता हे प्रकरण लिहिते आहे. संशोधनातच जायचं असं मनाशी ठरवलेली बरीच मुलं दर वर्षी नेमकी याच ठिकाणी येऊन अडकतात. त्यात आम्हा शिक्षकांचा वाटा मोठा आहे, हे मला या एका मुलीमुळे नीट कळलं.

शिरोळ तालुक्यात नदीकाठी तिचं गाव आहे. वडील साखर कारखान्यात पॅनमन, म्हणजे रस उकळून साखरेचा दाणा धरणारे. नोकरी हंगामी, गाळप संपलं की रिटेन्शनच्या, म्हणजे हंगाम नसताना मिळणाऱ्या भत्त्याच्या, पैशावर घर चालतं. २०१९ च्या पुरात त्यांच्या घरात पाणी शिरलं. शाईनं लिहिलेल्या वह्यांची पानं निळी-जांभळी होऊन गेली, पेन्सिलीनं काढलेल्या आकृत्या मात्र वाळल्यावर जशाच्या तशा दिसल्या. तेव्हापासून ती जपून ठेवायचं सगळं पेन्सिलीनं लिहिते. ही सवय पुढे कामाला येणार होती, पण त्या दिवशी ते मलाही ठाऊक नव्हतं.

सव्वा वर्षात तिनं काय केलं होतं? सगळे करतात तेच. डिसेंबर २०२३ ची सीएसआयआर-नेट, म्हणजे विज्ञान विषयांची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, दिली, थोडक्यात हुकली. पुढची जून २०२४ ची परीक्षा ऐनवेळी पुढे ढकलली आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात झाली. त्या महिनाभराच्या टांगणीत मुलांची काय दशा झाली ते मी पाहिलंय. निकाल लागला तेव्हा ती जेआरएफमध्ये, म्हणजे संशोधनासाठी दरमहा अधिछात्रवृत्ती मिळणाऱ्यांत, नव्हती, सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेतही नव्हती. २०२४ पासून जी तिसरी यादी सुरू झाली, फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र, त्यात तिचं नाव होतं.

या तिसऱ्या यादीबद्दल घरोघरी गैरसमज आहेत, म्हणून जरा थांबून सांगते. जेआरएफ मिळालेल्याला १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो, वरिष्ठ झाल्यावर ४२,०००. तिसऱ्या यादीतल्याला यातला एक रुपयाही मिळत नाही. त्याला एवढंच मिळतं की पीएचडी प्रवेशात नेटच्या गुणांना सत्तर टक्के आणि मुलाखतीला तीस टक्के वजन धरलं जातं, आणि तेही एकाच वर्षापुरतं. वर्ष सरलं की तो कागद कागदच राहतो. तिच्या गावात मात्र 'पोरगी नेट पास झाली' म्हणून पेढे वाटले गेले होते. तिला ते कसं निस्तरावं कळत नव्हतं.

मग गाईड शोधणं आलं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच संशोधक विद्यार्थी घेता येतात. ज्याच्याकडे जावं तो म्हणे, माझ्याकडे जागा नाही. एकानं सहा महिने 'बघू, होईल' म्हणत ताटकळत ठेवलं आणि शेवटी जागा दुसऱ्याला दिली. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीचा विचारही करून झाला होता, पण त्यांच्यासाठी आधी पीएचडीची नोंदणी हातात लागते. नोंदणीला गाईड हवा आणि गाईडकडे जागा नाही, अशा गोल रिंगणात ती फिरत होती.

तीनदा पुण्याला थेट मुलाखतीलाही जाऊन आली होती. पहाटेच्या एसटीनं निघायचं, एका जागेसाठी जमलेल्या साठ-सत्तर जणांत बसायचं, दुपारी दोनला पाच मिनिटं आत जायचं, रात्री अकराला परत मध्यवर्ती बसस्थानकावर उतरायचं. तिसऱ्या वेळी आतल्या बाईंनी विचारलं, "आमच्या लॅबमध्ये काय चालतं, माहिती आहे?" ती गप्प राहिली. जाहिरातीत लिहिलेलं प्रकल्पाचं नाव तिनं धड वाचलंही नव्हतं. 'पात्रता : एमएस्सी फिजिक्स' एवढी ओळ पाहून ती गेली होती.

शिवाय कोरिया. शिवाजी विद्यापीठाचा फिजिक्स विभाग पातळ फिल्मच्या, म्हणजे पृष्ठभागावर चढवलेल्या अतिशय पातळ थरांच्या, कामासाठी ओळखला जातो आणि इथून दक्षिण कोरियाला जाणारी वाट आता चांगली रुळलेली आहे. १९९९ पासून चालू असलेल्या 'ब्रेन कोरिया २१' सारख्या योजनांमुळे तिकडच्या विद्यापीठांत संशोधक विद्यार्थ्यांसाठी पैसा आला. तिकडे प्राध्यापक स्वतःच्या निधीतून मुलगा निवडतो आणि इथल्या मुलांचा हात रासायनिक पद्धतीनं फिल्म बनवण्यात बसलेला असतो. तिची एक सीनियर तिथूनच म्हणत होती, ये. ही वाट वाईट नाही, माझे स्वतःचे चार विद्यार्थी त्या वाटेनं गेलेत आणि उत्तम काम करताहेत. पण हिची आई आजारी होती आणि तिला पुण्या-मुंबईपेक्षा लांब जायचं नव्हतं. मी तिथेच तो विषय थांबवला. घरची अडचण म्हणजे महत्त्वाकांक्षेची उणीव, असं मी मानत नाही.

तिनं पाठवलेल्या मेलही मी पाहिल्या. एकच मजकूर साठेक शास्त्रज्ञांना गेला होता: आदरणीय सर, आपल्या नामांकित प्रयोगशाळेत संशोधन करण्याची माझी तीव्र इच्छा आहे, मी मेहनती आणि प्रामाणिक आहे, बायोडेटा सोबत जोडला आहे. दोन उत्तरं आली होती, दोन्ही 'सध्या जागा नाही' अशी. साठपैकी निदान दहा बाईमाणसं होती, त्यांनाही 'सर' गेलं होतं.

मला आधी तिचा राग आला, मग स्वतःचा. हा मजकूर तिला कोणी शिकवला होता? आम्हीच. निरोप समारंभाच्या दिवशी 'नेट द्या, जाहिराती बघत राहा, बायोडेटा पाठवत राहा' असं सांगून आम्ही मुलांना पाठवून देतो. एखादी प्रयोगशाळा कशी वाचायची, हे दोन वर्षांत एका तासालाही सांगत नाही.

मी तिला विचारलं, "तुला काय करता येतं?" ती म्हणाली, "मॅडम, केमिकल बाथनं कोबाल्ट ऑक्साइडची फिल्म बनवता येते." बायोडेटात तेच होतं, शेजारी सहा नमुने आणि त्यांचे एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरण चाचणीचे आलेख. हे वाक्य कोल्हापूर-सांगली-सातारा पट्ट्यात शेकडो बायोडेटांत असेल. मी म्हटलं, सहाच केलेस का? तर म्हणाली, "नाही, सदतीस केले होते. एकतीस फसले."

"मग ते कुठं आहेत?"

"वहीत."

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची, पेन्सिलीनं भरलेली. आता हा प्रयोग काय असतो ते थोडं सांगते, कारण प्रकरणाची सगळी गोम त्यात आहे. कोबाल्ट क्लोराइडचं गुलाबी द्रावण बीकरमध्ये घ्यायचं, त्यात युरिया विरघळवायचा, स्टेनलेस स्टीलची घासूनपुसून घेतलेली पट्टी उभी बुडवायची आणि गरम पाण्याच्या बाथमध्ये नव्वद अंशाच्या आसपास ठेवायची. उष्णतेनं युरियाचं हळूहळू विघटन होतं, द्रावण अल्कधर्मी होत जातं आणि पट्टीवर कोबाल्टच्या संयुगाचा थर चढू लागतो. मग तो भट्टीत भाजला की काळी कोबाल्ट ऑक्साइडची फिल्म मिळते. सुपरकपॅसिटर या वीज साठवणाऱ्या घटकासाठी ही फिल्म वापरतात. सगळं जमलं तर थर पट्टीवर बसतो. बिघडलं तर अख्खं द्रावण एकदम गढूळ होतं, साका खाली बसतो आणि पट्टीवरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो.

वहीत एकतीस वेळचं गढूळ होणं मिनिटासकट लिहिलेलं होतं. किती वाजता बाथ चालू केला, किती मिनिटांत किती अंश गेला, कोणत्या क्षणी द्रावणापलीकडची वर्तमानपत्राची ओळ दिसेनाशी झाली. हो, हीच तिची मोजपट्टी होती. आमच्याकडे गढूळपणा मोजायचं यंत्र मोकळं नसायचं, म्हणून ती बीकरमागे 'पुढारी'चा कागद चिकटवायची. आणि प्रत्येक नोंदीच्या कोपऱ्यात बीकरचा क्रमांक होता. बीकरांना क्रमांक का दिलेस? तर प्रयोगशाळेतल्या मामांनी फुटलेल्या काचेचा हिशेब ठेवायला सांगितलं होतं, म्हणून.

प्रबंधात या एकतीसपैकी एकही नमुना नव्हता. 'हे कशाला, चांगले सहा टाक,' असं मीच तिला सांगितलं होतं. हे लिहिताना मला वाईट वाटतं.

नोव्हेंबरच्या शेवटी वडील तिच्याबरोबर आले. गाळप सुरू झालं होतं, रात्रपाळी करून तसेच आले होते, डोळे तांबारलेले. त्यांना एवढंच विचारायचं होतं की पोरीचं पुढं काय. बोलता बोलता तिनं वही उघडली आणि त्यांना सांगितलं की द्रावण असं एकदम गढूळ व्हायचं. ते वहीकडे न बघता म्हणाले, "म्हंजे फॉल्स ग्रेन की."

मला कळलं नाही. मग त्यांनी समजावलं आणि मी विद्यार्थिनीसारखी ऐकत बसले. पॅनमध्ये व्हॅक्यूम असतो, त्यामुळे रस कमी तापमानाला उकळतो आणि घट्ट होत जातो. बेताचा घट्ट झाला की साखरेची बारीक भुकटी बियाण्यासारखी सोडायची. तो दाणा मग वाढवत न्यायचा. "दर थोड्या वेळानं प्रूफ स्टिकनं नमुना काढायचा, काचेवर पसरायचा, उजेडाला धरून बघायचा. दाणा सारखा हाय का. रस लई घट झाला की मधीच दुसरा बारीक दाणा आपोआप सुटतोय. त्यो फॉल्स ग्रेन. मग मोठा दाणा वाढतच न्हाई, सगळी साखर त्या बारक्यात जाती. तवा पाणी द्यायचं, बारका दाणा इरगळवायचा, आन् पुन्हा हळू घ्यायचं."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. लहानपणापासून घरात ऐकलेला शब्द आणि एमएस्सीच्या पुस्तकातली न्यूक्लिएशनची, म्हणजे स्फटिकाचा पहिला कण जन्मण्याची, व्याख्या, दोन्ही एकच आहेत हे तिला त्या खुर्चीत बसून समजलं. द्रावण अतिसंपृक्त झालं, म्हणजे त्यात मावेल त्याहून जास्त विरघळलेलं असलं, तरी एका मर्यादेपर्यंत नवा स्फटिक आपोआप जन्मत नाही, असलेल्यावरच वाढ होते. या पट्ट्याला मेटास्टेबल झोन म्हणतात. मर्यादा ओलांडली की द्रावणात जागोजागी कण उगवतात. तिच्या बीकरात तेच होत होतं: ताप भराभर चढला की द्रावण मर्यादेबाहेर जायचं आणि पट्टीवर बसायचं ते तळाला जायचं. त्याच रात्री तिनं नोंदी पुन्हा लावल्या आणि मला फोन केला. बीकर क्रमांक तीन आणि सातमध्ये द्रावण कायम लवकर गढूळ झालं होतं. दोन्ही जुने होते, ब्रशनं घासून आतून ओरखडे पडलेले. ओरखड्यावर कण सहज जन्मतो, हे पुस्तकात आहेच. पण तिनं ते न शोधता, नुसतं प्रामाणिकपणे लिहून ठेवल्यामुळे सापडलं होतं.

आता तिच्याकडे एक प्रश्न होता. त्याआधी तिच्याकडे फक्त पदवी होती. माझ्या मते जागा शोधण्यातला सगळा फरक इथे पडला, पुढचं बरंचसं श्रमाचं काम आहे.

आम्ही शोधायची दिशा उलटी केली. 'फिजिक्सची जागा' असं शोधणं बंद. द्रावणातून स्फटिक कसा जन्मतो यावर कोण काम करतं, ते शोधायचं. लगेच दिसलं की अशी माणसं फिजिक्स विभागांत कमी आणि केमिकल इंजिनिअरिंगमध्ये, औषधांच्या स्फटिकांवर काम करणाऱ्यांत, मटेरियल सायन्समध्ये जास्त आहेत. सव्वा वर्ष ती ज्या जाहिराती 'आपल्या विषयाच्या नाहीत' म्हणून सोडून देत होती, त्यांत तिची जागा होती.

शोधनिबंध वाचताना मी तिला शेवटचं पान आधी वाचायला लावलं. तिथे आभार असतात. पैसा कोणी दिला, प्रकल्पाचा क्रमांक काय, बहुतेकदा त्यातच वर्षही असतं. संशोधन प्रकल्प साधारण तीन वर्षांचे असतात. २०२१ चा क्रमांक दिसला तर तो संपत आलेला, तिथे नवा माणूस घेणार नाहीत. नुकताच मंजूर झालेला दिसला तर जाहिरात अजून यायची आहे. पूर्वी हा पैसा मोठ्या प्रमाणात एसईआरबी या केंद्र सरकारच्या मंडळाकडून यायचा, २०२३ च्या कायद्यानंतर ते काम अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानकडे, म्हणजे एएनआरएफकडे, गेलं. मंजूर प्रकल्पांच्या याद्या प्रसिद्ध होतात. गावाकडची माणसं पाऊस कधी येणार ते ढगावरून सांगतात, तसं जागा कुठे उघडणार ते या याद्यांवरून बऱ्यापैकी सांगता येतं. लॅबच्या पानावर पीएचडीच्या पाचव्या वर्षात किती जण आहेत, तेही बघायचं. ते गेले की टेबलं रिकामी होतात.

चाळीसेक प्रयोगशाळा तिनं अशा वाचल्या. मेल फक्त नऊ जणांना लिहिली, प्रत्येक वेगळी, आणि आडनावावरून अंदाज न करता समोर सर आहेत की मॅडम ते बघून. इंग्रजीत होती, आशय असा होता:

"आपल्या निबंधात ढवळण्याचा वेग बदलल्यावर स्फटिक लवकर उमटतात असं आपण दाखवलं आहे. माझ्या एमएस्सी प्रकल्पात कोबाल्टच्या बाथचे सदतीस प्रयोग झाले, त्यातले एकतीस द्रावण गढूळ होऊन फसले. त्या सर्वांच्या वेळ-तापमानाच्या नोंदी माझ्याकडे आहेत. ओरखडे असलेल्या दोन बीकरांत गढूळपणा सातत्यानं लवकर आला. भांड्याच्या पृष्ठभागाचा परिणाम आपण वेगळा काढता का, आणि कसा, हे मला समजून घ्यायचं आहे. एका पानाचा तक्ता सोबत आहे. आपल्याकडे येत्या काळात प्रकल्पाची जागा निघणार असेल तर मी अर्ज करू इच्छिते."

बायोडेटा सोबत होता, पण तक्त्याच्या मागे. नऊपैकी चार उत्तरं आली. दोघांनी जागा नसल्याचं कळवलं, पण तक्त्यावर दोन ओळी लिहिल्या. एका बाईंनी तिला एक जुना निबंध वाचायला सुचवला. पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून फोनवर बोलू या असं आलं. तिथल्या शास्त्रज्ञांनी वीस मिनिटांतली पंधरा बीकरांवर घालवली.

तीन आठवड्यांनी त्या प्रयोगशाळेची प्रोजेक्ट असोसिएट पदाची जाहिरात आली. इथे कोणी म्हणेल, म्हणजे वशिलाच. नाही. जाहिरात सर्वांना खुली होती, समिती होती, सतरा उमेदवार आले होते, त्यांत दोघे जेआरएफ होते. तिला झालेला फायदा एवढाच की जाहिरात येणार हे तिला ठाऊक होतं आणि त्या लॅबचं काम तिनं वाचलेलं होतं. हा फायदा सतराच्या सतरा जणांना घेता आला असता.

समितीतल्या बाहेरच्या तज्ज्ञांनी नेटमध्ये जेआरएफ का नाही, असं विचारलं. तिनं गुण सांगितले, कारण दिलं नाही. मग विचारलं, ओरखड्याचं खरं कशावरून? भांडी धुण्यात फरक असेल. ती म्हणाली, "असू शकतो. माझ्याकडे त्याची नोंद नाही. मला परत करायचं झालं तर नवे बीकर घेईन, सगळे एकाच पद्धतीनं धुईन आणि त्यातल्या निम्म्यांना मुद्दाम ओरखडा पाडीन." वही टेबलावर होती. समितीतल्या एकांनी ती उचलून पाच-सहा पानं चाळली आणि पेन्सिल का, असं विचारलं. तिनं पुराचं सांगितलं.

निवड झाली. नेट-गेट नसलेल्यांचा दर, महिना ३०,००० आणि घरभाडे भत्ता. मुदत एक वर्ष, काम समाधानकारक असेल आणि प्रकल्पात पैसा असेल तर वाढ. नेमणुकीच्या पत्रात 'निव्वळ तात्पुरती' हे शब्द आहेत, आणि ते मी वडिलांना दोनदा वाचून दाखवले. प्रकल्पातली जागा म्हणजे नोकरी नव्हे, पीएचडीचा प्रवेशही नव्हे. निधी थांबला की जागा थांबते. पण हातात उपकरण असतं, आजूबाजूला काम करणारी माणसं असतात, आणि पुढच्या वेळी कोणी 'काय करता येतं' विचारलं तर सांगायला काही असतं.

तिचं तिसऱ्या यादीचं वर्ष तिथे काम करता करताच सरलं. त्या काळात तिनं दोन ठिकाणी पीएचडीच्या मुलाखती दिल्या. एकीकडे गुण कमी पडले, दुसरीकडे प्रतीक्षा यादीत नाव राहिलं. लॅबमधून पाच-साडेपाचला सुटून रात्री नेटचा अभ्यास चालू असतो. याहून गोड शेवट मी लिहू शकत नाही, कारण तो अजून घडलेला नाही.

मी दोन गोष्टी बदलल्या. एमएस्सीच्या पहिल्याच वर्षी, दिवाळीच्या आधी, तिन्ही विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्तीबद्दल वर्गात सांगते. दोन महिने देशातल्या चांगल्या प्रयोगशाळेत काम करता येतं. अर्ज साधारण हिवाळ्याच्या तोंडाशी भरावे लागतात आणि आमच्या मुलांना त्याचा पत्ता उन्हाळ्यात लागतो. आणि प्रबंधाला फसलेल्या नमुन्यांचं परिशिष्ट जोडल्याशिवाय सही करत नाही. पहिल्या वर्षी मुलं कुरकुरली, बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी 'हे कशाला' असं विचारलं. मीही कधी काळी हेच विचारलं होतं, म्हणून त्यांना चहा पाजून नीट सांगितलं.

गेल्या हंगामात तिनं पुण्याहून वडिलांना सूक्ष्मदर्शकाखालच्या स्फटिकांचा फोटो पाठवला, मोठ्या दाण्यांमध्ये बारीक चुरा दिसणारा. वडील पाळीवर होते. त्यांनी पॅनजवळच्या दिव्याखाली मोबाइल धरून तो बघितला आणि उलटा निरोप पाठवला: "पाणी दे. घाई केलीस."